मी मटण सोडल्याचं कोणाला कळलं नाही

मटण मी रागानं सोडलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे आमच्या घरात शाकाहाराचं इतकं सोवळं माजलं की ऐकणाऱ्याला वाटावं, तीन पिढ्यांत आमच्याकडे कोणी मुंगीसुद्धा मारली नसेल. माझ्या सोडण्यात दया नव्हती आणि धर्मही नव्हता. कुठल्या बोकडाचे डोळे माझ्या स्वप्नात येत नव्हते. मला मटणाचा एक तुकडा हवा होता आणि तो मिळाला नाही, एवढंच.

आमचं गाव आर्णीपासून बैलगाडीच्या वाटेवर. शेती कपाशीची आणि तुरीची. घरात बाबा, माय, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा दादा आणि मी. ज्या वर्षी आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून उचलून मुंबई राज्यात घातला त्या वर्षीची ही गोष्ट. जिल्ह्याला कोणी विचारलं नव्हतं, त्यामुळे मला न विचारता जे काही झालं त्याचं फार वाईट वाटून घ्यायला नको होतं. पण मी बारा वर्षांची होते आणि वाईट वाटून घेण्यात पटाईत होते.

पंधरवड्यातून एकदा गावात बोकड कापला जायचा. आर्णीहून खाटिक चाचा यायचे, चावडीच्या मागे पळसाची पानं अंथरून मटणाचे सारखे ढीग मांडायचे. एकेक ढीग म्हणजे एकेका घराचा हिस्सा. गावातली झाडून सगळी मोठी माणसं तिथं अशा गंभीर चेहऱ्यानं उभी राहायची, जणू जमिनीची मोजणी चालली आहे. मग पानात बांधलेला हिस्सा घेऊन बाबा घरी यायचे, ते मागच्या दारानं. पुढच्या दारानं आणला तर वाटेत देवघर लागायचं. देव पुढच्या खोलीत असल्यामुळे मागच्या परसात काय शिजतं ते त्यांना कळत नाही, आणि वास तर त्यांना येतच नाही, अशी आमच्या घरची पक्की समजूत होती.

परसात तीन दगडांची वेगळी चूल, वेगळी हंडी आणि वेगळा लोखंडी डाव. मसाला पाट्यावर वाटायचं काम माझं. खोबरं निखाऱ्यावर भाजायचं, कांदा जाळावर काळा करायचा, धणे, खसखस, लाल मिरच्या, आणि मग हात दुखेपर्यंत वरवंटा. रश्श्याला उकळी आली की गल्लीच्या टोकापर्यंत बातमी जायची. वाढण्याचा क्रम कोणी लिहून ठेवलेला नव्हता, पण चुकलाही नाही कधी. पहिले बाबा. काळीज त्यांचं. मग दादा, त्याला नळी. मग आमचा सालदार, वर्षाच्या बोलीवरचा गडी, अंगणात. मग मी. माय त्यानंतर कधीतरी.

माझ्या ताटात रस्सा यायचा, बटाटा यायचा आणि एक हाडूक यायचं, ज्यावर आधी मांस होतं हे विश्वासानं मानून घ्यावं लागे. त्या दिवशी मी हंडीत डोकावले तर तळाशी चांगल्या चारदोन बोट्या दिसल्या. मी म्हटलं, "माय, मले एक बोटी दे न."

मायचा डाव हंडीत गेला. ओसरीवर बाबा हात धूत होते. त्यांनी तिथूनच म्हटलं, "पोट्टीच्या जिभेले चटक लावू नको. सासरी जाऊन नाक कापीन आमचं."

डाव रिकामाच वर आला. दादा अजून ताटावर होता आणि नळी ताटावर ठोकून आतला मगज काढत होता. टक, टक, टक. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मी म्हटलं, "मंग मले नाईच पाह्यजे. आजपासून मी खातच नाई."

"नको खाऊ," बाबा म्हणाले आणि पंच्याला हात पुसत बाहेर गेले.

लोकांना दीक्षा मिळते, गुरू मिळतो, कानात मंत्र मिळतो. मला हे दोन शब्द मिळाले. मी ते पाळले.

पुढच्या हिश्श्याच्या दिवशी मी भाकर, कांदा आणि मीठ घेऊन मुद्दाम दारातच बसले. येणाजाणाऱ्यानं ताट पाहावं, विचारावं, काहून वं पोरी, अशी कोरडी भाकर काहून खाऊन राह्यली. बाबा आले. त्यांनी ताट पाहिलं. म्हणाले, "वाटेत कायले बसली? सरक तिकडं." मी सरकले. दादा तेव्हा सातवी पास झालेला, त्याला जगातल्या नद्यांची नावं पाठ होती, पण शेजारच्या ताटात काय आहे हे त्याच्या अभ्यासक्रमात नव्हतं. मायनं मात्र पाहिलं. तिनं जवसाची चटणी आणली, त्यावर तेल सोडलं आणि काही न बोलता माझ्या ताटात ठेवली. ती काही बोलली नाही, हे मी तिच्याही नावावर राग म्हणून जमा केलं.

नंतर विचार केल्यावर लक्षात आलं की चूक त्यांचीही नव्हती. सोडल्याचं दिसायला आधी ताटात काही असावं लागतं. माझ्या ताटातून एक हाडूक कमी झालं होतं. एवढ्यावर कोण दचकणार. मसाला मीच वाटत होते, काही दिवसांनी हंडीही माझ्याच हाती आली आणि माझ्या रश्श्याचं नाव व्हायला लागलं. रश्श्याची चव मी घेत नसे, पण तेही कोणाच्या लक्षात येण्याचं कारण नव्हतं. पुरुष जेवायच्या आधी चव घेतली तर अन्न उष्टं होतं म्हणून आमच्याकडे कुठलीच बाई ती घेत नसे. मीठ वाफेवर कळतं आणि तिखट रंगावर. मला हळूहळू फक्त एकाच गोष्टीची आस लागली. घरातल्या कोणीतरी एकदा, चार माणसांत, एवढंच म्हणावं की ही खात नाही. तुकडा मिळाला नाही तर नाही, निदान नाही म्हटल्याची नोंद तरी व्हावी.

दोन वर्षं अशी गेली आणि दिवाळीला दादा यवतमाळच्या बोर्डिंगातून घरी आला.

बोर्डिंगात एक खादीवाले सर होते. ते दर आठवड्याला मुलांना बसवून व्याख्यान द्यायचे. त्यांनी काय सांगितलं ते मी ऐकलेलं नाही, त्यामुळे त्यांना बोल लावत नाही. दादा मात्र ऐकून आला होता. दिवाळीच्या तिसऱ्या दिवशी हिस्सा आला, ताटं वाढली गेली, आणि दादानं आपलं ताट दोन बोटांनी पुढे सरकवलं. म्हणाला, "मी मांसाहाराचा त्याग केला आहे."

आमच्या घरात तोपर्यंत मांसाहार कोणी केलाच नव्हता. आम्ही मटण खात होतो. हा शब्द ऐकून माय घाबरली, तिला वाटलं पोराला काही दुखणं झालं. बाबा म्हणाले, "कोण्या बुवाच्या नादी लागला का बे?" मग तणतणले, मग ताटावरून उठले, मग परत बसून जेवले, कारण काळीज थंड होत होतं. दुसऱ्या दिवशी ते पहाटेच शेतावर निघून गेले. तिसऱ्या दिवशी मी पाण्याला जाताना पाहिलं, चावडीवर बसून ते सांगत होते, "आमच्या पोरानं सोडलं. एका झटक्यात. लय मन घट्ट लागते त्याले."

मग घराचं रूपच पालटलं. दादासाठी घरात आतल्या बाजूला नवी चूल घातली. आर्णीहून पितळेची दोन भांडी आणि एक पितळी डाव आला. मटण नाही म्हणून अंगातली ताकद जाईल, तर वरून तुपाची वाटी आली. दूध आलं. शेजारपाजारचे लोक त्याला बघायला यायचे, आणि दादा ओसरीवर बसून त्यांना सांगायचा की जीव लहान असो की मोठा, वेदना सारखीच. हे सांगताना तो मांडीवरचे डास मारायचा.

एकदा लोक गेल्यावर मी त्याला म्हटलं, "दादा, मी बी खात नाई. दोन वर्षं झाले."

त्यानं डोळे बारीक केले. खोटं वाटलं म्हणून नाही, खरंच आठवत होता. मग म्हणाला, "तू खात होती?"

प्रश्न बरोबर होता.

दादाच्या वाट्याचा तुकडा आता मोकळा झाला होता. पुढच्या खेपेला खाटिक चाचांनी बाबांना विचारलं, "पाटील, भैया ने छोड दिया बोलते. हिस्सा कम कर दूँ?" बाबा म्हणाले, "पोरानं सोडलं, घरानं नाई सोडलं." हिस्सा तेवढाच आला. मला वाटलं, आता तरी मायच्या ताटात काही पडत असेल. तसं मी समजून चालले आणि पाट्यावर बसले, कारण आता मसाला दोनदा वाटायचा होता.

दोनदा अशासाठी, की साध्या भाजीनं दादाचं मन भरेना. त्याच्यासाठी पाटोडी व्हायला लागली. बेसन घट्ट शिजवायचं, ताटलीत थापायचं, चौकोनी वड्या पाडायच्या आणि त्या झणझणीत रश्श्यात सोडायच्या. हा रस्सा मटणाच्या रश्श्यासारखाच झाला पाहिजे, हा दादाचा आग्रह. तर्री तेवढीच लाल हवी, वास तोच हवा. एकदा तर म्हणाला, वड्या जरा हाडाच्या आकाराच्या कापता येतील का. त्याला मटणाचा मसाला हवा होता, मटणाची चव हवी होती आणि मटण खाणाऱ्याचा मान हवा होता. बोकड तेवढा नको होता. एका वडीचा तुकडा उरला तर तो मला मिळायचा, पण दादाचं पोट संयमी नव्हतं.

या पाटोडीवरून एकदा रामायण झालं. हिश्श्याचा दिवस होता, दोन चुली पेटलेल्या, एक परसात आणि एक घरात, आणि मी दोन्हींमध्ये धावत होते. घाईत लोखंडी डाव घेऊन घरात आले आणि तोच पाटोडीच्या रश्श्यात घातला. दादाचं अर्धं जेवण झाल्यावर त्याची नजर डावावर गेली. तो सावकाश उभा राहिला. बाहेर जाऊन चूळ भरली. मग कोणाकडेही न पाहता सांगितलं की आता चोवीस तास तो अन्नाला शिवणार नाही. मायनं डोळ्याला पदर लावला आणि तिनंही उपास धरला. बाबांनी मला बोलावून दादाच्या पाया पडायला लावलं. मी पडले, पण उठता उठता म्हटलं, "त्याच डावाचा रस्सा मले बी भाकरीवर घ्याचा व्हता. म्या काय करायचं?"

"तुले काय होते?" बाबांनी विचारलं. त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

मी कापसाच्या खोलीत जाऊन ढिगात तोंड खुपसून रडले. मला फार अपमान वाटला. डाव बुडाल्याचा नाही, मला काहीच होऊ शकत नाही याचा. बाहेर दादा उपास सोडण्यासाठी उद्या काय करता येईल ते मायला सुचवत होता.

दादाचा हा त्याग पुढे बरीच वर्षं चालला आणि नागपुरात नोकरी लागल्यावर एका हॉटेलात गुपचूप संपला. त्यानं तसं घरी कळवलं तेव्हा बाबांनी आनंदानं अख्खा बोकड कापला आणि गाव जेवू घातलं. सोडलं तेव्हा पितळेची भांडी आली, धरलं तेव्हा बोकड आला. मुलगा होऊन जन्माला आलं की खाण्यातही मिरवणूक आणि न खाण्यातही. पण ते नंतरचं. माझ्या गोष्टीच्या वेळी तो पुरा भरात होता, अमरावतीला कॉलेजात शिकत होता आणि सुट्टीत घरी आला की पुस्तकातली मराठी बोलायचा.

महाराष्ट्र होऊन दोन वर्षं झाली होती. मी अठरा वर्षांची झाले आणि मुकुटबनकडचं एक स्थळ आलं. घर मोठं, शेती भरपूर, मुलगा शेती पाहणारा आणि कमी बोलणारा. मुलाचे वडील मात्र खाण्याचे दर्दी. मध्यस्थानं बाबांना सांगितलं, "घर खाणारं हाये. पोरीच्या हातचं मटण खाल्ल्याबिगर बुढा हो म्हणत नाई."

बाबा म्हणाले, "आमची पोरगी रांधते बी अन् खाते बी. तिच्या हातची चव सगळ्या गावाले ठाऊक हाये."

मी दाराआड होते. त्या घरात मी खाणारी म्हणून गेले असते, तर पहिल्याच दिवशी ताटात पडलेलं खावं लागलं असतं. एकदा खाल्लं की माझी सहा वर्षं मुळात नव्हतीच, असं ठरलं असतं. माझं स्वतःचं असं त्या घरात दुसरं काहीच नव्हतं. अंगावरचं लुगडं बाबांनी आणलेलं, कानातलं मायचं, नाव आत्यानं ठेवलेलं. हे एक ‘नाही’ मात्र माझं होतं.

मी मायला म्हटलं, "बाबाले सांग न, मी खात नाई म्हणून."

"आता कायले?" माय म्हणाली. "सोयरीक जमू दे पहिले."

पाहुणे दमणीतून आले. दमणीचे बैलसुद्धा सजवले होते. मुलाचे वडील उतरले तेव्हा दमणी एका बाजूनं वर आली. हसतमुख माणूस, पांढऱ्या मिशा, आवाज शेतातून घरी हाक मारणाऱ्याचा. मुलगा त्यांच्या मागे. ओसरीवर पंगत बसली. दादा थोडा बाजूला, वेगळ्या पाटावर, पुढे पितळेची भांडी आणि तुपाची वाटी. पाहुण्यांनी, म्हणजे मुलाच्या वडिलांनी, चौकशी केली, बाबांनी कारण सांगितलं, आणि ते ऐकून पाहुण्यांनी दादाकडे वळून हात जोडले. "या वयात येवढा नेम," ते म्हणाले. "पोरगं सोन्यासारखं हाये तुमचं." दादानं नम्रपणे मान खाली घातली आणि पाटोडीचा आणखी एक तुकडा तोंडात टाकला.

मी हंडी घेऊन वाढायला आले. पाहुण्यांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. दुसरा घेतला. मग डोळे उघडून बाबांना म्हणाले, "पक्कं."

बाबांच्या खांद्यावरून ओझं उतरल्याचं मला दिसलं. पण पाहुण्यांच्या घरची एक रीत होती. सोयरीक पक्की झाली की घरातल्या मोठ्या माणसानं आपल्या ताटातला घास मुलीला द्यायचा, तिनं तो सगळ्यांसमोर खायचा, आणि त्या घासापासून ती त्यांच्या घरची. त्यांनी ताटात शोधून काळजाचा सगळ्यात मोठा तुकडा काढला, भाकरीच्या चतकोरात धरला आणि माझ्यापुढे केला. "घे माय," ते म्हणाले.

खोटं कशाला बोलू, माझ्या तोंडाला पाणी सुटलं. अठरा वर्षांत मला कोणी काळीज दिलं नव्हतं. रस्सा माझ्याच हातचा होता आणि वास नाकात होता. आणि देणारा माणूस मनापासून देत होता, तेच सगळ्यात अवघड होतं.

"मी खात नाई," मी म्हटलं.

बाबा मोठ्यानं हसले. "लाजून राह्यली."

"लाजत नाई बाबा. मी खातच नाई. सहा वर्षं झाले."

"काय सांगू राह्यली तू?" बाबांचा आवाज खाली आला. "मागच्या हिश्श्याले खाल्लं ना तू?"

"नाई खाल्लं."

बाबांनी साक्षीसाठी दादाकडे पाहिलं. घरात धर्माचा निवाडा आता दादाच करायचा. दादानं बोटांचं तूप पुसलं आणि म्हणाला, "अगं, वडीलधाऱ्यांचं मन मोडणं हीसुद्धा हिंसाच आहे. भावना शुद्ध असली की झालं. एक घास घे."

पाहुण्यांचा हात अजून पुढेच होता. चेहऱ्यावरचं हसू मात्र उतरायला लागलं होतं. "पोरीले येवढा हट्ट बरा नाई," ते म्हणाले. तोच माणूस घटकाभरापूर्वी दादाला हात जोडत होता. दादाचा तो नेम होता, माझा हट्ट झाला. मी पायाच्या अंगठ्याकडे पाहत उभी राहिले. मला वाटलं, आता खावं लागणार.

तेव्हा दाराआडून मायचा आवाज आला. परक्या पुरुषांसमोर मायनं तोंड उघडल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं, बाबांनीही नसावं, कारण ते दचकून वळले.

"ती खात नाई," माय म्हणाली. "सहा वर्षं झाले. मी वाढतो तिले, मले ठाऊक हाये."

"मले कोणी सांगतलं नाई," बाबा म्हणाले.

"तुमी कवा पाह्यलं तिच्या ताटात?"

पाहुण्यांनी हातातल्या घासाकडे पाहिलं, मग हंडीकडे. "मंग हा रस्सा कोणं केला?"

"म्याच केला."

"चव न पाह्यता?"

"आमच्याकडं बाया आधी चव पाहत नाई," मी म्हटलं.

त्यांनी थोडा विचार केला आणि पोट हलवत हसायला लागले. बाबांना म्हणाले, "हे तं लय चांगलं झालं. रांधणारीच खात नाई म्हणल्यावर हंडी भरल्या भरली पंगतीत येईन. आमच्या घरी रांधता रांधताच अर्धी होते." माझ्या सहा वर्षांच्या व्रताला असं हंडीचं कुलूप म्हणून मान्यता मिळाली. सोयरीक पक्कीच राहिली. बाबांना धीर आला. लगेच म्हणाले, "लहानपणापासूनच तशी हाये ती. आमच्या घरचं वळणच तसं हाये." दादानं मान डोलावली. ही गोष्ट बाबा पुढे मरेपर्यंत सांगत राहिले, आणि सांगता सांगता त्यांना ती पुरी खरी वाटायला लागली.

मुलीसाठी काढलेला घास परत ताटात ठेवायची पाहुण्यांकडे रीत नव्हती. त्यांनी तो माझ्या हातावर ठेवला. "तू नको खाऊ. कोणाले द्याचा त्याले दे."

तो वाटीत झाकून मी वाढणं उरकलं आणि पंगत उठल्यावर तो घेऊन आत आले. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. हवं होतं ते वाक्य मला मिळालं होतं, चार माणसांत, आणि जिच्याकडून अपेक्षा नव्हती तिच्याकडून. मायला मिठी मारायची आमच्याकडे पद्धत नव्हती, म्हणून मी नुसती तिच्यासमोर जाऊन बसले. ती चुलीजवळ बसून जेवत होती. पाठ दाराकडे होती. मी समोर आलेली पाहून तिनं ताटावर पदर ओढला, पण तेवढ्यात मला दिसलं. ताटात भाकर होती, कांदा होता आणि जवसाची चटणी होती.

"मटण सरलं का?" मी विचारलं.

"सरते न नेहमी."

"माह्या वाट्याचं मी सोडलं, ते?"

"ते तुह्या दादाले ठेवत होतो."

"अन् दादानं सोडल्यावर?"

"तुह्या बाबाले लागते थोडं जास्त."

माझं ताट कोणी पाहत नाही म्हणून मी सहा वर्षं जळत होते, आणि इतक्या वर्षांत मी एकदाही तिच्या ताटात डोकावले नव्हते. माझ्या आधी जेवणाऱ्यांचा मला राग होता. माझ्यानंतर कोण जेवतं याचा विचारही शिवला नव्हता. मी विचारलं, "माय, तू बी सोडलं का मंग?"

"मी कायले सोडू?" ती म्हणाली. "मले तं लय आवडते. पुरत नाई."

मी घास तिच्या ताटात ठेवला. तिनं एकदा दाराकडे वळून पाहिलं, बाबा ओसरीवरच आहेत याची खात्री केली, आणि तो उचलून तोंडात टाकला. खूप वेळ चावत होती. घास गिळल्यावर म्हणाली, "चांगलं शिजलं हाये वं." मी तिच्यासमोरून उठले नाही. माझी माय जेवताना कशी दिसते ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.